हुकाला कुऱ्हाडीचं पाणी

बाबांचा जबडा डॉक्टरांनी तारेनं बांधून टाकला, त्या दिवसापासून आमच्या घरी माणसांची रीघ लागली. माझे बाबा पुंडलिकराव बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत, ऐकण्यासाठी नाहीत. त्यामुळे ज्यांना ज्यांना आयुष्यात कधी त्यांच्यासमोर आपलं वाक्य पूर्ण करता आलं नव्हतं, ते सगळे एकेक करून आले, बाजेजवळ खुर्ची ओढून बसले आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करून गेले. एकानं धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद पहिल्यापासून सांगितला. एकानं स्वतःच्या लग्नात बाबांनी केलेल्या भाषणाबद्दल मत दिलं. बाबा गाळलेलं वरण नळीनं ओढत सगळं ऐकून घेत होते. दुसरा इलाज नव्हता.

आईनं, म्हणजे विमलताईनं, आधी पोटभर रडून घेतलं. मग एके दिवशी वरण गाळता गाळता मला हळूच म्हणाली, "कसं शांत शांत वाटून राह्यलं नाई वं घरात?" आणि लगेच देवाच्या फोटोकडे बघून कान पकडले.

मी अर्पिता, घरातली थोरली. यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात धातूंची प्रयोगशाळा सांभाळते. लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा आणि कसा तुटला ते बघायचं, हे माझं काम. बाबा गावात सांगताना "पोरगी कॉलेजात हाय" एवढंच सांगतात, खोलात शिरत नाहीत. चांगलं लोखंड मुद्दाम तोडायचा कोणी पगार देतं, हे चारचौघांत सांगायला त्यांना संकोच वाटतो. मी त्यांना कितीदा समजावलं की एखादी वस्तू कशी तुटते ते कळलं, की पुढची वस्तू तुटत नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं की, मग पहिलीच जाड करायची.

आता जबड्याचं काय झालं ते सांगते. डिसेंबरातली सकाळ होती, हात खिशाबाहेर काढवत नव्हता अशी थंडी. कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन माझा धाकटा भाऊ अक्षय जिनिंगला निघाला होता. शेजारच्या गव्हाचं पाणी रात्रीतून फुटून पांदणीत, शेतात जायच्या गाडीवाटेत, शिरलेलं. आमची काळी माती एकदा ओली झाली की कोणाला सोडत नाही. ट्रॉलीची चाकं निम्मी आत गेली. अक्षयनं ट्रॅक्टर सोडवून पुढं कोरड्यावर नेला. साखळीचं एक टोक ट्रॉलीच्या दांड्याला गुंडाळलं, दुसऱ्या टोकाचा हुक ट्रॅक्टरच्या मागं अडकवला. सावकाश ओढून पाहिलं तर ट्रॅक्टरचीच चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग आमच्याकडं अशा वेळी जे करतात तेच त्यानं केलं. ट्रॅक्टर थोडा मागं घेतला, साखळी सैल सोडली आणि एकदम पुढं मारला. याला झटका देणं म्हणतात.

आमच्याकडं काहीही ओढायचं असलं, की एका माणसानं जवळ उभं राहून हात हलवायचे असतात. त्याचा ओढण्याशी काडीचा संबंध नसतो, पण तो नसला तर काम चालू आहे असं कोणाला वाटत नाही. गावातलं हे पद पुष्कळ वर्षं बाबांकडं आहे. ते ट्रॉलीच्या दांड्याशी, साखळीच्या अगदी रेषेत उभे होते.

साखळी ताणली गेली आणि हुक वाकातून तुटला. अर्धा हुक ट्रॅक्टरखाली पडला, उरलेला साखळीसकट उलटा आला तो बाबांच्या जबड्यावर. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि डाव्या बाजूच्या दाढा गेल्या. डोक्यावरची टोपी मात्र जागची हलली नाही, हे मला प्रत्येकानं आवर्जून सांगितलं.

आणखीही एक गोष्ट प्रत्येकानं सांगितली. तिथं जमलेला प्रत्येक जण म्हणे "हळू! हळू!" असंच ओरडत होता. ट्रॉली भरायला आलेल्या बाया हळू म्हणत होत्या, ज्याच्या गव्हाचं पाणी फुटलं तो हळू म्हणत होता, रस्त्यानं सायकलवर चाललेला पोस्टमनसुद्धा थांबून हळू म्हणाला होता. इतकी माणसं एका सुरात हळू म्हणत असताना अक्षयच्या कानावर काहीच कसं पडलं नाही, याचं मला नवल वाटलं.

"मले एवढंच आठवते ताई," तो म्हणाला, "का क्लच सोडला अन् मांगं आवाज आला. पलटून पाह्यलं तं बाबा खाली बसेल होते. तोंडातून रगत. मायाकडं पाहून राह्यले होते."

त्या दिवसानंतर अक्षय बाबांसमोर बसला नाही. जेवण गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून करायचा, तेही अर्धवट. ट्रॅक्टरवर त्यानं ताडपत्री टाकली, ती काढलीच नाही. तुरी वावरात वाळून कडक झाल्या तरी आणायला गेला नाही. चाकणला त्याचा एक मित्र कंपनीत आहे, त्याच्याशी फोनवर बोलणं सुरू झालं. एक बॅग भरून त्यानं खुंटीला अडकवून ठेवली आणि आईला सांगितलं, "बाबाची तार निंगाली का मी जातो. ज्यानं बापाचं थोबाड फोडलं त्यानं त्याच घरात कसं राहावं?"

आई माझ्या हातापाया पडायची तेवढी बाकी होती. "त्याले समजाव ना वं. पोरगं खंगून राह्यलं."

मी समजावलं. माझं समजावणं म्हणजे रागावणं असतं, त्यामुळे फारसा उपयोग झाला नाही.

गावाला मात्र अक्षयवर आळ घ्यायचा नव्हता, तो सगळ्यांचा लाडका. गावानं भारत लोहाराला धरलं. हुक त्यानं घडवलेला, तुटला म्हणजे त्यातच खोट असणार. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष अमरसिंग काका घरी आले, बाबांची विचारपूस केली आणि मला म्हणाले, "पोरी, पोलिसात जायाची काही गरज नाई. तुह्यं मशीन हाय ना? ते सांगन ते गावाले मंजूर. हुकात खोट निंगाली तं भारतले या गावात काम नाई. पुंडलिकरावची तार निंगन त्या दिवशी बसू."

भारतभाऊ गावातला एकटाच लोहार. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, सगळं त्याच्याकडं. गावानं काम बंद केलं तर भाता गुंडाळून त्याला उठावं लागलं असतं.

अमरसिंग काका गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. "लिहून दे ना, का हुकच खराब होता. अक्षयचं मन तरी थाऱ्यावर येईन."

"आणि भारतभाऊचं काय?"

"तो कुठंबी करून खाईन बाई. माह्यं पोरगं एकच हाय."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. हुक खराब निघावा अशी मी देवाकडं प्रार्थना केली, आणि धातूच्या बाबतीत देवाकडं जायची माझ्यावर ही पहिलीच वेळ होती.

या हुकाला एक मोठा भाऊ होता. आदल्या वर्षी बाबांनी भारतभाऊकडून एक हुक करून घेतला होता, जुन्या ट्रकच्या एक्सलमधून. तो जिनिंगच्या फाटकासमोर दुसऱ्याची ट्रॉली ओढताना हळूहळू उघडत गेला आणि शेवटी सरळ होऊन निसटला. कोणाला काही लागलं नाही. पण फाटकावर गाड्यांची रांग होती आणि रांगेतल्या लोकांना करमणूक हवी होती. "पुंडलिकराव, हुक नोको, केळं आना," असं कोणीतरी म्हणालं. बाबा त्या मोसमात पुन्हा जिनिंगला स्वतः गेले नाहीत. मग त्यांनी भारतभाऊकडून दुसरा हुक करून घेतला, त्याच एक्सलच्या दुसऱ्या तुकड्यातून. हा हुक वर्षभर तसूभर वाकला नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे, हातानं वाजवून ऐकवायचे. आणि सरळ झालेला पहिला हुक आईनं गोठ्यात बादली टांगायला घेतला.

मी तुटलेल्या हुकाचे दोन्ही तुकडे घेतले आणि गोठ्यातून तो जुना हुकही काढला. बादली कुठं ठेवायची म्हणून आई माझ्यावर चिडली.

रविवारी प्रयोगशाळेत कोणी नसतं. दोन्ही हुकांच्या सरळ भागातून मी सारख्या मापाच्या कांड्या करून घेतल्या. आधी त्या मोठ्या मशीनवर लावल्या, जे सावकाश ओढतं. इतकं सावकाश की पाहणारी पोरं जांभया देतात. जुन्या हुकाची कांडी ताणत गेली, लांबली, मग मध्येच एका जागी बारीक झाली. आम्ही याला मान पडणं म्हणतो. मान पडली की समजायचं, आता हिचे थोडे क्षण उरले. थोड्या वेळानं ती तुटली, तुटल्या जागी एका बाजूला वाटीसारखा खळगा आणि दुसऱ्या बाजूला त्यात बसणारा उंचवटा. मऊ लोखंड असंच जातं, आधी सांगून.

मग नव्या हुकाची कांडी लावली. तिनं जुनीपेक्षा जवळजवळ दुप्पट ताण घेतला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बाबा इथं असते तर त्यांनी कॉलर ताठ केली असती. आणि मग फाटकन आवाज झाला, बंदुकीचा बार काढल्यासारखा, आणि कांडीचे दोन तुकडे झाले. ना लांबली, ना मान पडली. तुटलेला भाग खडीसाखरेच्या खड्यासारखा चमकत होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं लंबकाचं मशीन आहे. जड लंबक वरून सोडायचा, तो खाली येऊन कांडीला क्षणात ओढून तोडतो आणि पलीकडं वर जातो. कांडीनं त्याचा जितका जोर खाल्ला, तितका तो पलीकडं कमी चढतो. ओढून तोडायचा त्याचा जोड कोणी कधी वापरलाच नव्हता, तो ग्रीस लावलेल्या कागदात तसाच होता. मी तो पुसून बसवला. जुन्या हुकाची कांडी लावून लंबक सोडला. झटक्यात लोखंडाला पसरायला वेळ मिळत नाही, त्यामुळे मऊ कांडीसुद्धा जरा ताठ वागली, सावकाश ओढल्यावर लांबली होती तितकी लांबली नाही. पण लांबली. तिनं लंबक असा थोपवला की पलीकडं तो जेमतेम चढला. नव्या हुकाच्या कांडीच्या वेळी लंबक मध्ये काही नसल्यासारखा आरपार गेला आणि थेट वर चढला. मी दुसरी कांडी लावून पाहिली. तेच झालं.

मी तिथंच स्टुलावर बसले. सावकाश ओढताना कोण किती जोर सहन करतो हे महत्त्वाचं असतं. झटक्यात महत्त्वाचं असतं ते कोण किती जोर पोटात घेतो. नवा हुक ताकदीचा होता, भरपूर ताकदीचा, पण त्याला पोटच नव्हतं. त्यात त्या सकाळची थंडी, ती असल्या लोखंडाला आणखी ताठ करते.

दोन्ही हुक एकाच एक्सलचे. म्हणजे लोखंड चांगलं होतं. फरक पडला तो तापवून गार करण्यात. हे भारतभाऊशिवाय कोणाला माहीत असणार?

भारतभाऊ भात्याजवळ बसला होता. भट्टीत विस्तव नव्हता. मी पुढं केलेले तुकडे त्यानं हातात घेतले नाहीत.

"माह्यं पानी खोटं निंगालं का?" त्यानं विचारलं.

लोखंड लाल करून पाण्यात बुडवणं, त्याला आमच्याकडं पाणी पाजणं म्हणतात. तापलेलं लोखंड एकदम गार झालं की कडक होतं. विळ्याला, कुऱ्हाडीला ते लागतंच.

"नाही भारतभाऊ. पाणी चांगलंच बसलंय."

त्याचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ आकसून बसलेला माणूस सरळ होऊन बसला, माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलं. "मी तेच म्हनून राह्यलो लोकायले. कुऱ्हाडीचं पानी देल्लं हाय, खोट निंगनच कशी? तुमच्या बाबानं सांगतलं तसंच देल्लं."

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"पयला हुक म्या राखेत गार केल्ता. तं म्हने, तो वाकला. याले कुऱ्हाडीवानी पानी पाज, वाकला नाई पाह्यजे. म्या म्हनलं, कुऱ्हाडीची तं फक्त धार बुडवतो, अंग मऊ ठेवतो. हुकाले धार कुठची? तं म्हने, पुरा बुडव."

"आणि तू बुडवलास."

"पुरा बुडवला ना. धार नाई त्याले, मंग आपून काय बुडवावं?" त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "असं पानी तालुक्यात कोनी पाजून दाखवावं."

"मग हे अमरसिंग काकांना का नाही सांगितलंस?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काय सांगाचं? ते तं माह्या पान्याले खोटं म्हनून राह्यले होते."

मी त्याला समजावून सांगितलं, की कुऱ्हाडीची धार कडक लागते आणि अंग मऊ लागतं, ते अंगच घाव सोसतं. नुसती धारच असलेली कुऱ्हाड पहिल्या घावात फुटेल. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं तुकडा हातात घेतला, तुटलेल्या चकाकीकडं पाहिलं आणि खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग चूक कोनाची धरतीन ताई?"

घरी आले तेव्हा बाबा बाजेवर जागेच होते. मी दार लावलं, समोर बसले आणि सगळं सांगितलं. जुनी कांडी, नवी कांडी, लंबक. भारतभाऊनं काय सांगितलं तेही. "पुरा बुडव" हे शब्द आले तसे बाबांनी डोळे मिटले. बाबा झोपले की घोरतात. त्या वेळी घोरले नाहीत.

"बाबा, मला माहितेय तुम्ही जागे आहात."

डोळे मिटलेलेच.

"झटका दे असं कोण म्हणालं होतं?"

पापण्या हलल्या. मला इतका राग आला की मी स्टीलचा पेला उचलला आणि खाली ठेवला. जो माणूस लोकांच्या पंगतीत उठून भाषण करतो, त्याला आपल्या पोराशी मान हलवून हो म्हणता येत नव्हतं? तार जबड्याला होती, मानेला नव्हती.

"मी बैठकीत हुकाचं सांगणार आहे," मी म्हणाले. "माणसाचं सांगणार नाही. ते मशीनवर दिसत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण अक्षयची बॅग खुंटीवर आहे, एवढं लक्षात ठेवा."

मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

तार काढायला यवतमाळला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "आता दोन-चार दिवस कमी बोला." डॉक्टर नवीन होते. येताना जीपमध्ये आई म्हणाली, पहिलं नाव देवाचं घ्या. बाबांनी देवाचंही घेतलं नाही. ते खिडकीतून बाहेर शेतांकडं बघत होते. आमच्या वावराजवळून जाताना त्यांनी वाळून उभ्या असलेल्या तुरी पाहिल्या आणि मान वळवून मागं जाईपर्यंत पाहत राहिले.

दुपारी अंगणात माणसं जमली. बाबा बाजेवर, अमरसिंग काका खुर्चीत, भारतभाऊ ओट्याच्या एका कडेला, निम्मा ओट्यावर आणि निम्मा बाहेर. हळू म्हणणारे सगळे आले होते, पोस्टमनसुद्धा. अक्षय फाटकाजवळ उभा होता आणि बॅग त्याच्या पायाशी होती. चाकणची गाडी संध्याकाळची होती.

"पुंडलिकराव, तुमी बोलू नोका," अमरसिंग काका म्हणाले. "अर्पिता, सांग."

मी उभी राहिले. "हुकाचं लोखंड चांगलं होतं. पाणीही चांगलं बसलं होतं. पण असा कडक हुक सावकाश ओढला तर भरपूर ओढतो, झटका दिला की काचेसारखा तुटतो. आधीचा हुक मऊ होता. तो वाकला, पण वाकला म्हणूनच तुटला नाही. कोणाला लागलं नाही."

कोणीतरी "केळं" असं पुटपुटलं आणि गप्प झालं.

"मंजे खोट नाई," अमरसिंग काका विचार करत म्हणाले. "मंग चूक कोनाची?"

"मशीन माणसाचं नाव सांगत नाही काका."

मी बाबांकडं पाहिलं. ते गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडं बघत होते. आई पदराचं टोक पिळत होती.

अमरसिंग काका खाकरले. "हुक झटक्यानं तुटला, मंजे मंग झटका ज्यानं देल्ला..."

"मीच देल्ला काका," अक्षय म्हणाला. आवाज कोरडा होता. "त्यात काय विचाराचं? माहीच चूक हाय. भारतभाऊले काई म्हनू नोका." त्यानं वाकून बॅग उचलली.

बाजेवरून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घशातला आवाज. बाबांचं तोंड बोटभर उघडलं. इतक्या दिवसांत जबडा आखडला होता, त्याहून जास्त उघडेना. त्या फटीतून एकेक शब्द त्यांनी बाहेर काढला.

"बस. खाली."

अक्षय उभाच राहिला.

"झटका दे," बाबा म्हणाले, "म्या म्हनलं."

"पुंडलिकराव, आमी तं तवा हळू हळू..." ज्याच्या गव्हाचं पाणी फुटलं होतं त्यानं सुरुवात केली.

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. "कोनी हळू. म्हनलं नाई. तुमी समदे. मार मार म्हनत होते." ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी शेल्यानं पुसली. "पानी बी. म्याच पाजाले लावलं. भारतनं विचारलं होतं मले. म्या म्हनलं पुरा बुडव."

"काहून पन?" आईच्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मला वाटलं, आता डोळे मिटतील. त्यांनी मिटले नाहीत. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "वाकला तं लोक हासले होते."

कोणीही हसलं नाही. पोस्टमन सायकलची घंटी पुसत बसला. बाबांनी मान वळवून फाटकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुह्यं काई नाई त्यात बापू. म्या सांगतलं, तू केलं. माह्या तोंडाले तार होती म्हनून. नाईतं तवाच सांगतलं असतं."

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. ते मलाही माहीत होतं, त्यांनाही. मी ते चालवून घेतलं. अक्षयच्या हातातून बॅग खाली आली, तो तिथंच फाटकाला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आई त्याच्याकडं धावली. अमरसिंग काका उठले, समितीचं काम संपलं असं कोणालाच न सांगता त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"भारत," बाबांनी हाक मारली. "एक्सल उरला हाय का?"

"हाय ना. एका हुकाचा हाय."

"मंग कर एक. पानी नोको पाजू." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "राखेत गार होऊ द्याचा ना?"

"हो. राखेत, हळूहळू."

"राखेत गार कर. वाकला तं वाकू दे." आणि मग जाता जाता, न राहवून, "पन पानी तुह्यं. जबरा हाय गड्या."

भारतभाऊ ओट्यावर पूर्ण बसला.

आई सांजा घेऊन आली. बाबांनी बाजेजवळची जागा हातानं थोपटली आणि अक्षय येऊन बसला, मान खाली घालून. दोघांनी एकाच ताटलीतून खाल्लं. बाबांना चावता येत नव्हतं, अक्षयला गिळता येत नव्हतं. ताटली संपायला फार वेळ लागला आणि तोवर अंगणातून कोणी हललं नाही.

मग बाबा म्हणाले, "तुरी पाह्यल्या म्या. शेंगा फुटून राह्यल्या. ट्रॅक्टर काढ."

अक्षयनं ताडपत्री ओढली. वरची धूळ सगळ्यांच्या अंगावर आली. इतके दिवस उभ्या इंजिनानं आधी खोकून घेतलं, मग ते चालू झालं. अक्षय सीटवर बसला, हात स्टीअरिंगवर ठेवले, पण क्लचवरचा पाय उचलेना. तो मागं वळून बाबांकडं बघत राहिला.

बाबा सवयीनं बाजेवरून उठले होते आणि हात हलवायला जागा शोधत होते. या वेळी ते ट्रॅक्टरच्या समोरही नव्हते, मागंही नव्हते. गोठ्याच्या भिंतीला लागून बाजूला जाऊन उभे राहिले. उजवा हात वर केला. तोंड बोटभर उघडलं. आवाज इंजिनात ऐकू येण्यासारखा नव्हता, तरी अंगणातल्या प्रत्येकाला तो ऐकू गेला.

"हळू," बाबा म्हणाले.